दहा क्विंटलचे एवढे, तर वीस क्विंटलचे दुप्पट का नाहीत? (सारणी, आलेख, समीकरण)

तेरणाकाठ:

नमस्कार मंडळी. मी निलंगा तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. गेल्या आठवड्यात वर्गात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

दहावीची उजळणी चालू होती, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. निर्धारक (आकड्यांची चौकट) मांडून क्रॅमरच्या पद्धतीनं उत्तर काढण्यात लेकरांचा हात चांगला बसलाय. सुगीचे दिवस, निम्म्या घरांत सोयाबीनची रास झालेली. म्हणून सहज विचारलं: दहा क्विंटल सोयाबीन लातूरच्या मोंढ्यात नेलं. भाव ४३०० रुपये. हमाली-तोलाई धरून क्विंटलमागे २० रुपये कापले. टेम्पोचं भाडं १८०० रुपये, माल कमी असो की जास्त. हातात किती पडले? (आकडे हिशोबाला सोपे म्हणून घेतलेत.) सगळ्यांनी बरोबर सांगितलं, ४१,०००.

मग विचारलं, वीस क्विंटल नेलं तर? पुढच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "सर, दुप्पट येतेत की! ब्याऐंशी हजार." आणि चाळीस लेकरांत एकही म्हणालं नाही की हे चुकतंय.

खरं उत्तर ८३,८००. फळ्यावर मांडलं:

५ क्विंटल: १९,६००
१० क्विंटल: ४१,०००
१५ क्विंटल: ६२,४००
२० क्विंटल: ८३,८००

दर पाच क्विंटलमागे २१,४०० ची वाढ, म्हणजे क्विंटलमागे ४२८०. समीकरण य = ४२८०क्ष − १८००. (पुस्तकात अक्षरं इंग्रजी असतात, इथे क्ष आणि य लिहितो.) तरी मुलीचा चेहरा सांगत होता की तिला पटलेलं नाही. तिनं विचारलं, "माल दुप्पट, तर पैसे दुप्पट का नाही?" आणि मी जे उत्तर दिलं ते मलाच पुरेसं वाटलं नाही.

मग पुस्तकं काढून बसलो. राज्य मंडळाच्या पुस्तकांत समचलन (एक दुप्पट की दुसरंही दुप्पट) आठवीत येतं. रेषीय समीकरणं नववीच्या भाग एकमध्ये, निर्देशक भूमिती भाग दोनमध्ये. समीकरणांची जोडी दहावीच्या भाग एकमध्ये आणि रेषेचा चढ दहावीच्या भाग दोनमध्ये. बऱ्याच शाळांत भाग एक एका सरांकडे, भाग दोन दुसऱ्यांकडे. मग सारणी, रेषा आणि समीकरण ही एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत हे लेकराला कळावं तरी कुठे?

तुम्ही कसं शिकवता, किंवा तुम्हाला कसं कळलं, ते लिहा.

---

मोंढ्यातला:

सर, मी आडतीवर हिशोब लिहितो, एकवीस वर्षं झाली. पोरीचं उत्तर ऐकून नवल वाटलं नाही, मोठी माणसंही असंच बोलतात. "गेल्या खेपेला दहाचे इतके आले होते, औंदा वीस आहेत" म्हणून मनात दुप्पट धरून येतात, आणि हिशोबाची पट्टी हातात पडली की बघत राहतात. उलटी गडबडही होते. वीस क्विंटलवाला पुढच्या वर्षी दहाच आणतो आणि निम्म्यापेक्षा कमी मिळाले म्हणून भांडायला उठतो.

तिला एवढंच विचारा, टेम्पो किती वेळा आला? ८३,८०० आणि ८२,००० यांत फरक १८०० चा. तिनं दुप्पट केली तेव्हा मालाबरोबर टेम्पोचं भाडंही दोनदा लावलं. टेम्पो तर एकदाच आलाय.

---

तेरणाकाठ:

दादा, हे माझ्या डोक्यात का आलं नाही! मी ४२८०० आणि २१४०० ची वजाबाकी करत बसलो होतो. उद्या वर्गात हेच विचारतो.

---

औटकी:

वय ७९. शिक्षण उमरग्याला झालं, नोकरी महसुलात गेली. तुमच्या विद्यार्थिनीची बाजू मांडावीशी वाटते.

दुप्पट करणं ही चूक नाही, तो आपल्या मातीतला हिशोब आहे. आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी म्हणायचो. सात औटं साडेचोवीस. हे सगळे पाढे म्हणजे तुमच्या सारण्याच. डावीकडे आकडा, उजवीकडे त्याची साडेतीनपट. पाढा शून्यापासून सुरू केला तर शून्यच येतो, म्हणून त्यात दुप्पटीला दुप्पट नेहमी लागू पडते.

माझे वडील निजामाच्या काळातले. घरात हाली (निजामाचे) आणि कलदार (इंग्रजांचे) असे दोन्ही रुपये यायचे. ७ हाली म्हणजे ६ कलदार. मुक्तिसंग्रामानंतरही काही वर्षं हा हिशोब लोकांच्या तोंडात होता. वडील कागद न घेता सांगायचे, ३५ हालीचे ३० कलदार, ७० चे ६०. हे त्रैराशिक. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत ज्याला प्रमाण, फल आणि इच्छा म्हटलं तेच. फलाला इच्छेनं गुणा, प्रमाणानं भागा. आठशे-हजार वर्षं ज्या रीतीनं बाजार चालला, ती लेकराच्या आधी तोंडात येणारच.

पण त्रैराशिक चालतं ते शून्याला शून्य असेल तिथेच. शून्य हालीचे शून्य कलदार. शून्य क्विंटलला मात्र टेम्पोचे १८०० जातातच. तेवढं एक तपासायला शिकवा. बाकी पोरीला काही कमी नाही.

---

नववीची_आई:

काकांचं वाचून आठवीचं समचलन आत्ता कळलं मला :) मुलगी लातूरला नववीत आहे. तिच्या वहीत 'य समचलनात क्ष' असं पानभर लिहिलंय, पण शून्याला काय होतं हे कुठेच नाही.

लातूरकरांना एक उदाहरण पाठच असेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी (टाकीचे डबे), ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. एका वाघिणीत ५०,००० लिटर. वाघिणी पाचपट, पाणी पाचपट. वाघीण नाही तर पाणीही नाही. मी तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी असायची, मुलगी कडेवर. काल तिला याच आकड्यांवर आलेख काढायला लावला. रेषा बरोबर आरंभबिंदूतून गेली.

पण तिनं विचारलं की बिंदू रेषेनं जोडायचे का? साडेतीन वाघिणी कुठे येतात? मला उत्तर देता आलं नाही.

---

गोदाकाठची:

ताई, मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. वाघिणी मोजायच्या असतात, त्यामुळे खरं तर नुसते बिंदूच हवेत. पाणी लिटरमध्ये मोजलं, किंवा सोयाबीन क्विंटलमध्ये, तर साडेबाराही चालतं, सव्वाबाराही चालतं, मग रेषा भरून काढा. वाघिणींच्या बिंदूंमधून फिकट रेषा ओढायला हरकत नाही, सगळे एका ओळीत आहेत हे डोळ्याला दिसतं. ती रेषा कशासाठी ओढली, एवढं तिनं सांगता यायला हवं.

मी पैठणला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे सरळ रेषेला आणि वाकड्या रेषेला एकच धरण पुरतं.

सरळ रेषा विसर्गाची. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून १ क्युसेक चोवीस तास चाललं की ८६,४०० घनफूट पाणी गेलं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. भागाकार करा: सलग एक दिवस ११,५७४ क्युसेक सोडलं की १ टीएमसी जातं. दरवाजे उघडल्याची बातमी आली की मुलं हाच हिशोब करतात, आणि विसर्ग बदलला नाही तर दिवस आणि पाणी यांची रेषा अगदी सरळ येते.

वाकडी रेषा पातळीची. नाथसागर, म्हणजे आमचं जायकवाडी धरण, १५२२ फुटांना भरतो. वर्तमानपत्रात रोज पातळी आणि साठा दोन्ही छापून येतात, त्याची सारणी मुलांकडून करून घेतली. पातळी दर वेळी एक फुटानं वाढते, पण साठ्यातली वाढ दर वेळी वेगळी. तळ अरुंद, वर पाणी पसरतं, म्हणून वरचा एक फूट खालच्या एका फुटापेक्षा खूप जास्त पाणी धरतो. आलेख वर जाताना अधिकाधिक उभा होत जातो. "पातळी अर्धी म्हणजे धरण अर्धं" हे मोठी माणसंही बोलतात, आणि ते चूक आहे.

सर, रेषीय कुठे नाही हे दाखवल्याशिवाय रेषीय काय ते मुलांना कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

---

तेरणाकाठ:

मॅडम, आभार. पुढच्या आठवड्यात एक प्रयोग करायचं मनात आहे. शाळेत प्लास्टिकचा ड्रम आहे, खाली तोटी. भरायचा, तोटी सोडायची, दर दोन मिनिटांनी पाण्याची उंची पट्टीनं मोजायची. खाली उतरणारी रेषा मिळेल, चढ ऋण. पुस्तकातला ऋण चढ लेकरांना हातानं करता येईल.

---

गोदाकाठची:

सर, थांबा! सरळ रेषा मिळणार नाही.

तोटीतून पाणी ज्या वेगानं बाहेर पडतं तो वरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ड्रम भरलेला असताना जोर जास्त, रिकामा होत आला की मंद. सुरुवातीला ८१ सेंटीमीटर पाणी असेल आणि दर वाचनाला वर्गमूळ एकानं कमी होत असेल, तर उंची येईल ८१, ६४, ४९, ३६, २५. फरक १७, १५, १३, ११. दर वेळी कमी. आलेख आधी भरभर खाली येतो आणि मग रेंगाळतो.

सरळ रेषा हवी असेल तर उलटं करा. मोटारीनं एकसारखी धार ठेवून रिकामा ड्रम भरा, धार वरून पडू द्या. पण ड्रम सरळ उभा हवा. पोट फुगलेला ड्रम घेतला तर धरणाचा हिशोब सुरू होईल.

---

तेरणाकाठ:

मी तर फळ्यावर य = ८० − ४क्ष लिहून ठेवणार होतो. बरं झालं विचारलं. आता दोन्ही करतो, आधी तोटी, मग मोटार.

---

रुळावरून:

रेल्वेतून निवृत्त. कंट्रोलमध्ये होतो, म्हणून या विषयाला हात घालतो. जन्मभर मी रेषाच काढल्या.

माझ्या वेळी कंट्रोलरच्या टेबलावर एक मोठा तक्ता असायचा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं, त्यांच्या अंतराप्रमाणे. प्रत्येक गाडी म्हणजे एक रेषा. गाडी वेगात असेल तर रेषा उभट, रखडत असेल तर कललेली. स्टेशनात उभी असेल तर आडवी, कारण वेळ जातोय आणि अंतर तेवढंच. समोरून येणारी गाडी वरून खाली उतरते. तुम्ही चढ म्हणता तो आमच्याकडे वेग. ऋण चढ म्हणजे परतीची गाडी. हे मला कुणी शिकवलं नाही, पेन्सिल फिरवता फिरवता कळलं.

एकेरी मार्गावर याचं मोल कळतं. मी होतो तेव्हा परळी-परभणी एकेरीच होतं. समजा दोन टोकांत ६४ किलोमीटर. परळीहून मालगाडी निघाली, ताशी ३०. त्याच वेळी परभणीहून पॅसेंजर, ताशी ५०. परळीपासूनचं अंतर य, तास क्ष:

मालगाडी: य = ३०क्ष
पॅसेंजर: य = ६४ − ५०क्ष

दोन्ही सारखे धरले तर ८०क्ष = ६४, क्ष = ०.८ तास, ४८ मिनिटं. य = २४ किलोमीटर. कागदावर रेषा जिथे एकमेकींना कापतात ती जागा. पण रूळ एकच आणि चोविसाव्या किलोमीटरवर स्टेशन नसेल, तर त्या छेदनबिंदूचा अर्थ काय होतो ते तुम्हीच समजा. म्हणून एक गाडी आधीच्या स्टेशनात लूप लाइनला (बाजूच्या रुळावर) घ्यायची. तिची रेषा तिथे आडवी होते, दुसरीची रेषा त्या आडव्या तुकड्याला स्टेशनाच्याच ओळीवर कापून जाते. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. गंगाखेडला गाडी अर्धा-अर्धा तास का थांबवता म्हणून प्रवासी चिडायचे, त्यांना हा कागद दाखवावासा वाटायचा.

समीकरण सोडवून आलेलं क्ष आणि य म्हणजे दोन रेषांची भेट. एवढं तुमच्या मुलांना दिसलं तर क्रॅमरची पद्धत कशासाठी आहे ते त्यांना कळेल. आमच्या नोकरीत त्या भेटीवर माणसांचे जीव होते.

---

काळं_रान:

काका, हे वाचून अंगावर काटा आला.

मी औसा तालुक्यातला, घरी अठरा एकर, सोयाबीन आणि तूर. गणित दहावीनंतर सुटलं. सरांच्या उदाहरणात माझा दरवर्षीचा प्रश्न घालतो. तालुक्याच्या बाजारात भाव १०० रुपयांनी कमी, म्हणजे ४२००, पण टेम्पो ६०० मध्ये जातो. लातूरला ४३००, टेम्पो १८००. कापणी दोन्हीकडे २० धरा. कुठे न्यावं? शेजारी म्हणतात लातूरलाच न्या, भाव जास्त. आई म्हणते, जवळ टाक. दोघंही खात्रीनं बोलतात.

---

मोंढ्यातला:

मालावर आहे दादा. टेम्पोच्या भाड्यात १२०० चा फरक, भावात १०० चा. बारा क्विंटलला बरोबरी.

---

तेरणाकाठ:

मोंढ्यातले दादा, हे तुम्ही तोंडी केलंत आणि माझ्या वर्गाला यासाठी निर्धारक लागतो. मांडून दाखवतो:

जवळचा बाजार: य = ४१८०क्ष − ६००
लातूर: य = ४२८०क्ष − १८००

क्ष = १२ ला दोन्हीकडे ४९,५६०. बाराच्या आत असेल तर काळं_रान यांच्या आईचं बरोबर, बाराच्या वर शेजाऱ्यांचं.

काल हेच वर्गात घेतलं. आधी "टेम्पो किती वेळा आला?" हे विचारलं. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्या भाडं दोन बार लावलं." तिथपर्यंत सगळं नीट होतं. मग आलेख काढायला दिला आणि सगळं बिघडलं. य-अक्षावर १ सेंटीमीटर = १०,००० रुपये घ्यावं लागतं, नाहीतर कागद पुरत नाही. त्या प्रमाणात १८०० म्हणजे दोन मिलिमीटरसुद्धा नाही. दोन्ही रेषा आरंभबिंदूतून गेल्यासारख्या दिसल्या आणि एकमेकींवर चिकटून बसल्या. छेदनबिंदू कुणालाच सापडला नाही. सारणीत दिसतं, समीकरणात दिसतं, आलेखात दिसत नाही. शेवटी तास संपला.

---

गोदाकाठची:

दोन बाजारांतला फरक काढा आणि त्याचाच आलेख काढा. लातूरमधून जवळचं वजा: य = १००क्ष − १२००.

० क्विंटल: −१२००
५ क्विंटल: −७००
१० क्विंटल: −२००
१२ क्विंटल: ०
१५ क्विंटल: ३००
२० क्विंटल: ८००

आता १ सेंटीमीटर = २०० रुपये घेतलं की कागद भरून रेषा येते. खाली −१२०० पासून निघते, बारावर क्ष-अक्ष ओलांडते. अक्षाच्या खाली असताना आईचं ऐका, वर गेल्यावर शेजाऱ्यांचं. मुलांना ऋण य म्हणजे काय, आणि रेषा अक्ष ओलांडते म्हणजे काय, दोन्ही एकाच रेषेत कळतं.

आणि एक लक्षात असू द्या. प्रमाण बदललं की त्याच समीकरणाची रेषा उभट किंवा आडवी दिसते. माझ्या वर्गात दोन मुलांनी एकच सारणी घेऊन आलेख काढले आणि "माझी रेषा जास्त चढाची" म्हणून भांडले. चढ कोनमापकानं मोजायचा नसतो. य किती वाढला भागिले क्ष किती वाढला, अक्षांवरचे आकडे वाचून. दोघांचंही उत्तर तेच आलं.

समीकरण आणि रेषा एकच आहेत हे पुस्तकात नीट मांडलं जायला १६३७ साल उजाडलं, रने देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं ते केलं. त्याआधी बीजगणितही होतं, भूमितीही होती, शेकडो वर्षं. आपल्या मुलांना ते एका तासात जमलं नाही म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, सर.

---

नववीची_आई:

मुलीच्या चाचणीत एक प्रश्न होता. सारणीत क्ष दिलेला २, ४, ७, ११ आणि य दिलेला ११, १७, २६, ३८. रेषीय आहे का? तिनं फरक काढले ६, ९, १२, आणि "वाढ सारखी नाही म्हणून रेषीय नाही" लिहिलं. गुण गेला. मलाही तसंच वाटलं होतं.

---

तेरणाकाठ:

ताई, क्षच्या उड्याही बघा: २, ३, ४. सहाला दोननं भागा, नऊला तीननं, बाराला चारनं. तिन्ही वेळा ३. चढ ३, य = ३क्ष + ५. अकराला ३३ + ५ = ३८, जुळतं. दोष मुलीचा नाही. आम्ही वर्गात सारणी देताना क्ष नेहमी १, २, ३, ४ असाच देतो, त्यामुळे नुसता फरक बघायची सवय लागते. मी स्वतः असं कित्येक वर्षं केलंय. यापुढे नाही करणार.

---

काळं_रान:

माझ्याकडून एक शंका. टेम्पोत २५ क्विंटल बसतं. २६ झालं की दुसरी खेप, पुन्हा १८००. मग रेषा कुठे राहते?

---

रुळावरून:

तुटते. पंचविसापर्यंत एक रेषा, तिथून १८०० खाली उतरून तेवढ्याच चढाची दुसरी, पहिलीला समांतर. एसटीचं तिकीट तर याहून वेगळं. तिथे ६ किलोमीटरचा एक टप्पा, आणि भाडं टप्प्यावर. ७ किलोमीटर जा किंवा १२, पैसे तेवढेच. आलेख जिन्यासारखा, रेषा नाहीच. सारणी काढताना फक्त ६, १२, १८, २४ घेतलं तर ते सरळ रेषेसारखं दिसतं, म्हणून मधले आकडेही घ्यायला लावा.

---

तेरणाकाठ:

नऊ-दहा दिवसांनी येतोय, चाचण्या होत्या.

ड्रमचा प्रयोग झाला. तोटीचा आलेख मॅडमनी सांगितला तसाच आला, फरक कमी कमी होत गेले. एका मुलानं दुसऱ्या वाचनानंतरच पट्टीनं रेषा ओढून ठेवली होती, पुढचे बिंदू तिच्या वर वर जायला लागल्यावर त्यानं ती खोडली. मोटारीचा आलेख सरळ आला, शेवटचे दोन बिंदू थोडे खाली राहिले, कारण लाइट मंद झाली होती. लेकरांनी ते स्वतः ओळखलं, हे मला फार आवडलं.

फरकाचा आलेखही काढला. −१२०० पासून निघालेली रेषा बारावर अक्षाला भिडली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "हितं आई आन् शेजारी भेटले." काळं_रान, तुमचं घर आता आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. एकानं य = ४२८०क्ष − १८०० मध्ये य शून्य धरून पाहिलं. क्ष आलं ०.४२. म्हणाला, ४२ किलो नेलं तर सगळं टेम्पोलाच जातं, हातात काहीच नाही. एका कट्ट्याएवढंही (पोत्याएवढंही) नाही ते.

आता ज्यासाठी आलो ते. दुप्पट म्हणणाऱ्या त्याच मुलीच्या घरी परवा बोअर घेतला. बोअरवाल्याचा दर: पहिल्या ३०० फुटांना फुटामागे ९० रुपये, त्यापुढे १२०. केसिंग वेगळं. तिनं ते वहीत मांडून आणलं, मी सांगितलेलं नव्हतं.

१०० फूट: ९,०००
२०० फूट: १८,०००
३०० फूट: २७,०००
४०० फूट: ३९,०००
५०० फूट: ५१,०००

खाली आलेख, ३०० वर कोपरा असलेला. दोन समीकरणं, क्ष ३०० पर्यंत य = ९०क्ष, पुढे य = १२०क्ष − ९०००. मी विचारलं, हे −९००० काय आहे? शून्य फुटाला बोअरवाला आपल्यालाच नऊ हजार देतो की काय? ती म्हणाली, "नाही सर, ही रेषा तीनशेच्या मागं नाहीच. नऊ हजार म्हणजे पहिल्या तीनशे फुटाला तीस-तीस रुपये कमी लागले ते. सगळ्या फुटाला १२० धरलं तर ते परत वजा करावं लागतेत."

तीनशे गुणिले तीस. मी हे आधी कधी असं वाचलं नव्हतं.

---

औटकी:

तिला माझा आशीर्वाद सांगा. किती फूट गेला बोअर?

---

तेरणाकाठ:

काका, ६२० फूट. तिच्या समीकरणानं ६५,४००, बोअरवाल्याच्या वहीतही तेवढेच, केसिंग सोडून.

---

काळं_रान:

पाणी लागलं का?

---

तेरणाकाठ:

५४० ला ओल लागली, ६१० ला दोन इंच. काल मोटार सोडली.